मूळ आवाज परत द्या, आणि खाली मराठी द्या

प्रति,
भारतात आशियाई मालिका आणि चित्रपट दाखवणाऱ्या ओटीटी कंपन्यांचे कार्यक्रम-खरेदी प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी एका कंपनीने या पावसाळ्यात आपल्या ॲपवरच्या काही कोरियन आणि तैवानी मालिकांचा मूळ आवाज काढून टाकला. मालिका जागेवर आहेत, चित्र तेच आहे. आवाजाच्या यादीत मात्र आता हिंदी, तमिळ, तेलुगू एवढंच दिसतं. नट ज्या भाषेत बोलले तीच भाषा त्यात नाही. ग्राहक सेवेला विचारलं, तर भारतातल्या प्रेक्षकांची पसंती लक्षात घेऊन हा बदल केल्याचं उत्तर आलं. मी भारतातली प्रेक्षक आहे, वर्षाचे पैसे आधी भरते, आणि माझी पसंती कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. एकीने आज केलं ते दुसरी उद्या करील, म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहिलं आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी सांगलीत राहते, एका सहकारी संस्थेत हिशेबाचं काम बघते. समीक्षक वगैरे नाही. रात्री जेवणं उरकली की आई आणि मी मिळून एक भाग बघतो. आईने आयुष्यभर वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचल्या. खुनी कोण हे तिला माझ्याआधी कळतं आणि ती ते सांगत नाही, हा तिचा मोठेपणा. प्रेमकथांच्या बाबतीत मात्र ती कडक आहे. नायकाने नायिकेचं मनगट धरून ओढायला सुरुवात केली की म्हणते, "सोड की तिला, पाय हाईत तिला."

तेव्हा आम्हाला भक्त समजू नका. कंपनीच्या मालकाचा उर्मट मुलगा आणि त्याला सुधारणारी गरीब मुलगी, ऐन वेळी कुठूनतरी येणारा ट्रक, सोयीने जाणारी आणि सोयीने परत येणारी स्मृती, बाराव्या भागाच्या आसपास कारण नसताना होणारी ताटातूट, आणि प्रत्येक दुसऱ्या मालिकेत सँडविच खात बसलेले पोलिस, कारण सँडविचवाल्याने पैसे दिलेले असतात: हे सगळं आम्ही बघून बसलोय. २००९ च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये शाळेतला छळ प्रेमाच्या नावाखाली ज्या सहजतेने खपवला आहे तो आज बघवत नाही. थ्रिलरमध्येही शेवटच्या दोन भागांत लेखकाची दमछाक झालेली पुष्कळदा दिसते.

तरी आम्ही बघतो, कारण ही गोष्ट सुरू होते तेव्हा ती कुठे संपणार हे कुणीतरी ठरवलेलं असतं. पुष्कळ कोरियन मालिका सोळा भागांच्या. चौथ्या भागात टेबलावर ठेवलेली छत्री चौदाव्या भागात कामाला येते. नायक-नायिका आठ-आठ भाग एकमेकांचा हात धरत नाहीत आणि त्या न धरण्यातच सगळं चाललेलं असतं. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांना शेवट नसतो, प्रेक्षक कंटाळल्यावर त्या थांबतात. दोन अंकांत गोष्ट पुरी करणाऱ्या नाटकांवर वाढलेल्या माणसांना या बांधेसूदपणाची ओढ वाटली तर त्यात नवल काय?

हे वेड तुम्ही लावलं असा तुमच्या जाहिरातींचा सूर असतो, म्हणून दोन ओळी जुन्या लिहिते. जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर १९८३ मध्ये सुरू झालेली 'ओशिन' ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनने दाखवली, तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता. मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यावर तिथली पोरं केबलवरच्या कोरियन वाहिनीकडे वळली आणि कोरियन नायकांसारखे केस कापू लागली. २००२ च्या 'विंटर सोनाटा' या कोरियन मालिकेने पुढच्या वर्षी जपानमधल्या मध्यमवयीन बायकांना अक्षरशः वेड लावलं. त्या बायका कोरियातल्या नामी बेटावर, मालिकेत दिसलेली झाडांची रांग बघायला विमानाने जाऊ लागल्या. या सगळ्या प्रेक्षकांनी ओळखीची नसलेली भाषा ऐकून घेतली, नाहीतर डब केलेली ऐकली. प्रेक्षक आधीपासून होते. तुम्ही दुकान सोयीच्या जागी टाकलंत, त्याचे आभार.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी अर्थात मूळ आवाजाची. हिंदी डबिंगला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. डबिंगमुळेच 'स्क्विड गेम' आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यापर्यंत पोचला. चांगलं डबिंग हे कसबाचं काम आहे आणि ते करणाऱ्यांची नावं तुम्ही भागाच्या शेवटी सरकत्या, वाचता न येणाऱ्या अक्षरांत टाकता, किंवा टाकतही नाही, हीसुद्धा माझी एक तक्रारच समजा. पण डबिंग मूळ आवाजाच्या शेजारी असावं, त्याच्या जागेवर नको.

का, ते उदाहरणाने सांगते. पार्क चान-वूक यांचा 'डिसिजन टू लीव्ह' हा २०२२ चा चित्रपट. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्यांना त्यासाठी उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. डोंगरावरून पडून एक माणूस मेला आहे, संशय त्याच्या बायकोवर आहे आणि तपास करणारा पोलिस अधिकारी तिच्यात गुंतत चालला आहे. बायको चीनमधून आलेली. ती कोरियन बोलते ती अडखळत, टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिका बघून शिकलेली, त्यामुळे मधूनच एखादा जुनाट, दरबारी शब्द येतो. मनातलं बोलायचं झालं की ती चिनीत बोलते आणि फोन त्याचं भाषांतर करून अधिकाऱ्याला ऐकवतो. त्या दोघांमधलं प्रेम आणि संशय, दोन्ही या अंतरात आहेत. ती खरं बोलते आहे की भाषा येत नाही म्हणून तसं वाटतं आहे? त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. अभिनेत्री तांग वेई स्वतः चिनी आहे, म्हणजे ते अडखळणं तिच्या तोंडून आलेलं आहे. हे सगळं एका अस्खलित हिंदीत ओतलंत तर उरतो एक खून आणि एक लफडं.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' हलकीफुलकी आहे, पण गोष्ट तीच. सोलमधली गर्भश्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमेपलीकडे उत्तर कोरियात जाऊन पडते. पुढचे कितीतरी विनोद एकाच भाषेच्या दोन बोलींवर उभे आहेत. गावच्या बायका तिच्या बोलण्याने बुचकळ्यात पडतात. तिला लपवणाऱ्या तुकडीतला एक शिपाई दक्षिणेच्या मालिका चोरून बघून बघून तिची बोली समजायला लागलेला असतो आणि दुभाष्याचं काम करतो. उत्तर कोरियात हे चोरून बघणं थट्टेचा विषय नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे केलेल्या कायद्यात दक्षिणेच्या मालिका बघण्याला आणि वाटण्याला फार कडक शिक्षा आहेत. मला कोरियन येत नाही. पण मालवणी माणूस आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतला माणूस एकमेकांशी बोलताना जे होतं ते कानाला शब्द न कळताही कळतं, आणि ते तसंच त्या मालिकेत कळतं. हिंदीत दोघेही एकाच स्टुडिओतून बोलतात.

थ्रिलरचं तर विचारूच नका. दार उघडायच्या आधीची शांतता, फोनवरचा श्वास, दिव्याखाली बसवलेल्या संशयिताने उत्तर द्यायच्या आधी गिळलेली थुंकी. डब केलेल्या आवृत्तीत हे बऱ्याचदा वरच्या बोलण्याखाली गाडलं जातं, कारण रिकामी जागा दिसली की कुणाला तरी ती भरायची घाई होते. पडद्यावर आलेला मोबाइलचा संदेश किंवा चिठ्ठी यांचं तर भाषांतरच नसतं. आजकालच्या मालिकेत निम्मा पुरावा मोबाइलवर येतो, आणि डब ऐकणारा माणूस त्या अक्षरांकडे नुसता बघत बसतो.

दुसरी तक्रार मराठी सबटायटलची, आणि ती माझ्या घरातली आहे. आईला आता कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते टीव्हीचा आवाज आणि पंख्याचा आवाज सारख्याच जिव्हाळ्याने मोठा करतं. त्यामुळे हिंदी डबिंग तिच्या उपयोगाचं नाही. इंग्रजी तिला येत नाही. हिंदी सबटायटल असले तर ती वाचते, पण हिंदी वाचनाचा तिचा वेग मराठीएवढा नाही आणि दोन ओळी पुऱ्या होईपर्यंत पडदा पुढे गेलेला असतो. मराठी मात्र ती आजही चष्मा पुसून झपाट्याने वाचते. म्हणजे दुसऱ्या देशाची भाषा ऐकत, खाली मराठी वाचत ती कुणाच्याही मदतीशिवाय गोष्ट बघू शकेल. आज ते होत नाही. मी शेजारी बसून मोठ्याने सांगत जाते आणि सांगता सांगता माझंच लक्ष उडतं. कोरियन दिग्दर्शक बॉन्ग जून-हो 'पॅरासाइट'साठी गोल्डन ग्लोब घेताना म्हणाले होते की सबटायटलची इंचभर उंचीची भिंत ओलांडली की कितीतरी चांगले चित्रपट भेटतील. ती भिंत तिला न येणाऱ्या लिपीत बांधली तर इंचभर राहत नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर लोक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यावर सत्कार-समारंभही झाले. तुमच्या ॲपवर मात्र मराठी म्हणजे मराठी चित्रपटांची एक रांग, बाकी ठिकाणी मराठी माणसाला हिंदी कळतंच असं धरून चाललेलं. कळतं, पण कळणं निराळं आणि रात्री दहा वाजता दमलेल्या डोळ्यांनी आरामात वाचणं निराळं. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांना तुम्ही डबिंगसुद्धा देता. आम्ही डबिंग मागत नाही. आम्हाला खालच्या दोन ओळी पुरतात, आणि त्यांचा खर्च डबिंगच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी ही चैनही नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तुमच्यासाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात अपंग प्रेक्षकांना कार्यक्रम बघता यावेत यासाठी वाजवी प्रयत्न करावेत असं लिहिलेलं आहे. 'शक्य तितके' अशी पळवाटही तिथेच ठेवली आहे, आणि तुम्ही तिच्यातूनच ये-जा करता असं दिसतं.

सबटायटलबद्दल बोलते आहे तर एक गोष्ट जरा सविस्तर लिहू द्या, कारण ती मला फार दिवस खुपते आहे. तुम्ही गोष्ट विकत आणता, पण ती ज्या जमिनीत उगवली त्याची एक ओळही सोबत आणत नाही. २०१६ ची 'सिग्नल' घ्या. आजचा एक पोलिस आणि भूतकाळातला एक पोलिस जुन्या, बॅटरी नसलेल्या वॉकी-टॉकीवरून एकमेकांशी बोलतात आणि न सुटलेले खून सोडवतात. पहिल्याच प्रकरणात एका लहान मुलीच्या अपहरण आणि खुनाचा तपास आहे, आणि मुदत संपायला काही तास उरलेले असल्याने सगळे जीव तोडून धावत असतात. आई म्हणाली, "मुदत कसली? खुनाला मुदत असते होय?" तिचा प्रश्न रास्त होता. आपल्या कायद्यात खुनाचा खटला भरायला कालमर्यादा नाही. दक्षिण कोरियात ती होती. २००७ पर्यंत पंधरा वर्षं, नंतर पंचवीस. २०१५ च्या जुलैत तिथल्या संसदेने खुनासाठीची ही मर्यादा काढून टाकली, आणि त्यानंतर सहा महिन्यांत ही मालिका आली. म्हणजे तिथला प्रेक्षक ती मालिका बघत होता तेव्हा ही जखम ताजी होती.

त्याच मालिकेतल्या एका प्रकरणामागे ह्वासॉन्गचे खून आहेत, आणि बॉन्ग जून-हो यांचा २००३ चा 'मेमरीज ऑफ मर्डर' तर त्यांच्यावरच आहे. १९८६ ते १९९१ या काळात सोलच्या दक्षिणेला त्या भागात दहा बायका-मुलींचे खून झाले. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, म्हणून शेवटी तपास करणारा माणूस सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे प्रेक्षकांत, बघतो. खुनी कुठल्यातरी थिएटरात बसलेला असेल, त्याच्या डोळ्यांत बघावं, असा दिग्दर्शकाचा हेतू होता. खुनी सापडला तो २०१९ मध्ये, डीएनए जुळल्यामुळे. तो मेव्हणीच्या खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने कबुली दिली. पण शेवटच्या खुनाची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच संपलेली असल्याने त्याच्यावर या खुनांचा खटला चालू शकला नाही. यातल्याच एका खुनासाठी दुसऱ्याच माणसाने जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढली होती. तो निर्दोष ठरला २०२० च्या डिसेंबरमध्ये.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती तो चित्रपट परत लावायला म्हणाली, आणि या वेळी तो तिला वेगळाच दिसला. पहिल्या खेपेला पोलिस संशयितांना बडवतात ते तिला विनोदी वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला ती हसली नाही. तुम्ही मात्र या चित्रपटाखाली काय लिहिता? 'अंगावर काटा आणणारे क्राईम थ्रिलर'. बस. त्याच्या एका बाजूला लग्नाच्या गोंधळाची विनोदी मालिका आणि दुसऱ्या बाजूला झोंबी. माहितीच्या चौकटीत चार ओळींची जागा असते, तिच्यात नटांच्या नावांखाली एवढं लिहायला काय हरकत आहे?

उलट नको ते तुम्ही आवर्जून सांगता. लहान चित्रावर, ज्याला तुम्ही थंबनेल म्हणता, नायक-नायिकेचं लग्नाच्या पोशाखातलं दृश्य. खुनी ज्या भागात उघडा पडतो त्या भागाच्या वर्णनातच त्याच्या पेशाचा उल्लेख. यावर जास्त लिहीत नाही. रहस्यकथा वाचणारा कुणीही माणूस नोकरीवर ठेवा, तो एका दुपारी हे निस्तरून देईल.

मग भागाच्या शेवटाची कापाकापी. कोरियन मालिकांमध्ये भाग संपल्यावर, नावं येऊन गेल्यावर, दोन-तीन मिनिटांचा एक प्रसंग ठेवायची पद्धत आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये तर अर्धी प्रेमकथा त्या शेपटांत आहे: ही दोघं सीमेवर भेटण्याच्या कितीतरी आधी स्वित्झर्लंडमध्ये एकमेकांच्या जवळून गेली होती, त्याने सरोवराच्या धक्क्यावर वाजवलेला पियानो तिने ऐकला होता. तो धक्का इझेल्टवाल्ड नावाच्या गावात आहे. मालिका बघून तिथे इतके लोक फोटो काढायला येऊ लागले की गावाने धक्क्यावर जायला ५ फ्रँक लावले. माणसं एवढ्या लांब ज्या दृश्यासाठी जातात ते घरी बघताना तुमचं 'पुढचा भाग' हे बटण पाच सेकंदांत पडदा बळकावतं. रिमोट सापडेपर्यंत गेलं. जी सोय बंद करता येते ती बंद करण्याची जागा सेटिंगमध्ये कुठे आहे ते शोधायला मला भाचा बोलवावा लागला.

गाण्यांचंही तसंच. तैवानची 'समडे ऑर वन डे' ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात हुशार प्रेमकथा आहे आणि तितकाच चांगला थ्रिलरही. विमान अपघातात प्रियकर गमावलेली मुलगी वॉकमनवर वू बाय या गायकाचं 'लास्ट डान्स' हे जुनं गाणं ऐकते आणि १९९८ मध्ये, दुसऱ्याच एका शाळकरी मुलीच्या शरीरात जागी होते. ते गाणं सुरू झालं की काळ बदलणार. अशा गाण्याच्या शब्दांना सबटायटल नाही! आपल्याकडे गाण्याशिवाय पान हलत नाही आणि आपल्याच प्रेक्षकांना तुम्ही गाणं म्हणजे मधली फट समजून सोडून देता. कोरियात २०२३ मध्ये याच मालिकेची नवी आवृत्ती झाली, तीही बघण्यासारखी आहे. पण ती दाखवताना मूळ तैवानी मालिका शेजारी मिळाली तरच दोन्हींची गंमत.

तेच आपल्या रिमेकबद्दल. 'सिग्नल'ची हिंदी आवृत्ती 'ग्यारह ग्यारह' २०२४ मध्ये आली. केइगो हिगाशिनो यांच्या जपानी कादंबरीवर जपानमध्ये २००८ मध्ये, कोरियात २०१२ मध्ये आणि हिंदीत २०२३ मध्ये 'जाने जां' नावाने चित्रपट झाला. उलटा प्रवासही आहे: मल्याळम 'दृश्यम'चा चिनी अवतार २०१९ मध्ये आला. हिगाशिनो यांच्या कादंबरीतल्या गणिताच्या शिक्षकाचं एकतर्फी प्रेम जपानी, कोरियन आणि हिंदी हातांत कसं बदलतं हे एका आठवड्यात बघायला मिळालं तर केवढी चैन. पण आज शोधायला गेलं की कोरियन, जपानी, चिनी, थाई, तैवानी, सगळं 'के-ड्रामा', म्हणजे कोरियन मालिका, नावाच्या एका रांगेत. अकिरा कुरोसावांचा १९६३ चा 'हाय अँड लो', अपहरणावरचा याहून चांगला चित्रपट मी पाहिलेला नाही, शोधला तर मला शाळकरी प्रेमकथा सुचवली जाते. देशाचं नाव आणि सालाप्रमाणे शोधता येईल एवढंही ज्यांना जमत नाही त्यांनी 'तुमच्यासाठी खास निवडलेलं' असं लिहू नये.

शेवटची तक्रार, गायब होण्याची. अर्ध्यात असताना मालिका नाहीशी होते. हक्कांची मुदत संपते, हे आम्हाला समजतं. ती कधी संपणार हे करार करतानाच तुम्हाला ठाऊक असतं, हेही समजतं. मग आम्हाला का कळवत नाही? नव्या मालिकेची सूचना माझ्या फोनवर दिवसातून तीनदा वाजते, जाणाऱ्या मालिकेची एकदाही नाही. आईने एका चिनी मालिकेतली हरवलेली मुलगी सापडण्याची वाट बघत चाळीस भागांतले निम्म्याहून जास्त भाग पार केले होते. (चिनी सरकारनेच २०२० मध्ये चाळीसच्या वर भाग नकोत असं सांगितलं, नाहीतर पन्नास-साठही असत.) एका संध्याकाळी मालिका नव्हती. मुलीचं काय झालं ते तिला अजून माहीत नाही, आणि मला ते शोधून वाचून दाखवायला ती देत नाही. बघायचंय, म्हणते.

मागण्या अशा आहेत.

ज्या मालिका-चित्रपटांचा मूळ आवाज काढला तो परत द्या, आणि यापुढे मूळ आवाजाशिवाय एकही आशियाई कार्यक्रम विकत घेऊ नका. तसा करार मिळत नसेल तर कार्यक्रमाच्या पानावर 'फक्त डब' असं ठळक लिहा, म्हणजे पैसे भरायच्या आधी कळेल.

मराठी सबटायटल द्या. सगळ्या मालिकांना एकदम नको. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मालिकांपासून सुरू करा आणि भाषांतर यंत्राने केलं तरी वाचून दुरुस्त करायला मराठी माणूस ठेवा. त्याचं नाव टाका. डब करणाऱ्यांचंही टाका. पडद्यावरचे संदेश, चिठ्ठ्या, पाट्या आणि गाणी यांनाही सबटायटल हवेत. अक्षरं मोठी करण्याची सोय टीव्हीवर सहज सापडेल अशी ठेवा. पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत.

मालिका काढणार असाल तर निदान एक महिना आधी त्या मालिकेच्या पानावर तारीख लिहा, आणि जे ती अर्ध्यापर्यंत बघत आहेत त्यांना सूचना पाठवा.

'पुढचा भाग' आपोआप लावणं मुळात बंद ठेवा, ज्याला हवं तो चालू करील.

नियमांप्रमाणे तुमच्याकडे तक्रार निवारण अधिकारी आहेत आणि त्यांना निर्णयासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. या पत्राची प्रत प्रत्येक कंपनीच्या अधिकाऱ्याला आजच पाठवली आहे. मूळ आवाज किंवा यादीतून जाणाऱ्या मालिका हे विषय आमच्या अखत्यारीत येत नाहीत, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. तसं असेल तर ते कुणाच्या अखत्यारीत येतात त्या माणसाचं पद कळवावं. हे वाचणाऱ्या इतर प्रेक्षकांना विनंती, की यातली जी तक्रार तुमचीही असेल ती तुमच्या शब्दांत, तुमच्या ॲपला लिहा. एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवला तर तो एकच धरतात.

माझी वर्गणी दिवाळीच्या आसपास संपते. नूतनीकरणाआधी उत्तर यावं ही अपेक्षा.

आपली,
सांगलीची एक वर्गणीदार